कपाटाची मर्यादा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रावकाच्या स्वयंपाकघरात पिठाला मर्यादा असते, हे या सभागृहातील लहान मुलालाही ठाऊक आहे. दळलेले पीठ पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि हिवाळ्यात 7 दिवस. त्यापुढे त्यात जीवोत्पत्ती संभवते, म्हणून ते वर्ज्य. ही मर्यादा पाळणारी गृहिणी लागेल तेवढेच दळते. साठा नाही म्हणून कीड नाही, आणि कीड नाही म्हणून ती मारण्याचा प्रसंगच येत नाही. पूर्वाचार्यांनी घालून दिलेल्या या साध्या नियमात अहिंसा आणि अपरिग्रह एकत्र नांदतात.

त्याच घरात, स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर, एक कपाट उभे असते. त्याच्या वर माळा असतो, माळ्यावर लोखंडी ट्रंका असतात. या सर्वांना मात्र मर्यादा नाही. पिठाला आहे आणि कपाटाला नाही, ही विसंगती बहुतेक घरांत वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात आणून देण्याचे काम पुष्कळदा एक क्षुद्र जीव करतो. मराठीत त्याला कसर म्हणतात.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. ते कोणत्याही एका गावाचे नाही. जुन्या पेठेतील, पुढे ओटा, मागे परसू आणि वर माळा असलेले कोणतेही दुमजली घर चालेल. घरात सत्तरी ओलांडलेली आजी आहे. तिला रात्रिभोजनाचा त्याग आहे, पाणी गाळल्याशिवाय ती तोंडाला लावत नाही. मुलगा आहे, सून आहे, लग्नाला आलेली नात आहे. श्रावणात नातीचे लग्न ठरले आणि आजीच्या मनात आले की, साखरपुड्याला नातीने आपला शालू नेसावा. अकरा वर्षांनी ट्रंक खाली उतरली. शालू उलगडला, तेव्हा घडीच्या रेषेवर चाळणीसारखी भोके पडलेली होती. ट्रंकेच्या तळातून चंदेरी रंगाचे चार-दोन किडे सरसर पळाले.

शालूचे दुःख होतेच. परंतु त्याहून मोठे दुःख ट्रंकेच्या तळाशी होते. आजोबांनी स्वतःच्या हाताने उतरून घेतलेली पूजेची वही तेथे होती. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. ती वही हरवली, असेच घरात सर्वांनी धरले होते. ती हरवली नव्हती. आहेरात आलेल्या टॉवेल-टोप्यांच्या आणि खणांच्या ढिगाखाली ती दबून गेली होती. तिच्या कडा कुरतडल्या गेल्या होत्या आणि मधल्या पानांवरची अक्षरे कागदासह नाहीशी झाली होती. ज्याचे घराला काही मोल नव्हते, त्याच्याखाली अनमोल ते दडपले गेले.

कसर येते कोठून, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ज्याला कसर म्हणून सरसकट ओळखले जाते, त्यात प्रत्यक्षात निरनिराळे जीव असतात. एक तो चंदेरी, बिनपंखी, माशासारख्या निमुळत्या अंगाचा किडा. त्याला अंधार आणि दमटपणा प्रिय. कापडावरची खळ, पुस्तकाच्या बांधणीतील चिकी, कागद आणि पुठ्ठा हे त्याचे अन्न. अन्नावाचून तो महिनोन्महिने तग धरतो आणि काही वर्षे जगतो. दुसरी ती रेशमाला आणि लोकरीला लागणारी बारीक अळी. ती एका लहानशा पतंगाची असते. पतंग स्वतः कापड खात नाही. त्याची अळी खाते. घामाचा किंवा अन्नाचा डाग राहिलेले, न धुता घडी घालून ठेवलेले वस्त्र तिला विशेष मानवते. या दोन्ही जीवांना एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे वर्दळ. जे वस्त्र नेसले जाते, धुतले जाते, उन्हात वाळते आणि झटकले जाते, त्यात त्यांना वसाहत करता येत नाही. जे पुस्तक वाचले जाते, त्याला कसर सहसा लागत नाही. कसर लागली याचा अर्थ, त्या वस्तूला दीर्घकाळ माणसाचा हात लागलेला नाही.

त्या घरात मग जे घडले, ते घरोघरी घडते. मुलाने कीटकनाशक फवारणाऱ्या माणसाला बोलावले. आजीने विरोध केला.

"चातुर्मासात घरात विष नको," ती म्हणाली.

"मग काय आई, किड्यांना घर देऊन टाकायचं?" मुलगा त्राग्याने म्हणाला.

"घर आपणच दिलंय त्यांना. परत घ्यायचं असेल तर सामान काढा."

फवारणीवाला अनुभवी होता. त्याने विजेरीच्या प्रकाशात माळा पाहिला आणि तोही जवळपास तेच बोलला. "साहेब, फवारणी मी करीन. पण एवढ्या सामानात औषध आत पोहोचणार नाही. आधी माळा रिकामा करा, ट्रंका रिकाम्या करा, भिंतीची ओल बघा. उजेड-वारा लागला तर कदाचित मला बोलवायची गरजही पडणार नाही." एकीकडे व्रती श्राविका आणि दुसरीकडे विषाचा व्यवसाय करणारा माणूस, दोघांचे निदान एकच निघाले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पुढचे चार रविवार ते कुटुंब माळा उतरवत होते. नात वहीत नोंद करीत होती. दोन स्त्रियांच्या मिळून 168 साड्या निघाल्या. गेल्या वर्षभरात त्यांतील 30 सुद्धा नेसल्या गेल्या नव्हत्या. खण 94. टॉवेल-टोप्यांचे 37 जोड. पाहुण्यांसाठी म्हणून राखलेल्या आणि पाहुण्यांनी कधीच न पांघरलेल्या 11 रजया. मिठाईचे रिकामे डबे, दूरचित्रवाणी संचाचे खोके, त्यातील थर्माकोल, जुनी वर्तमानपत्रे, आणि दुकानाच्या मुदत संपलेल्या हिशेबाच्या वह्या. नोंदीची बेरीज वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

कापडाच्या धंद्यात वर्षातून किमान एकदा मालसाठा मोजला जातो. जो माल दोन-दोन हंगाम हलत नाही, त्याला पडीक माल म्हणतात. तो फडताळात दिसायला साडी असतो. ताळेबंदाच्या दृष्टीने तो तोटा असतो. शहाणा व्यापारी असा माल किंमत कमी करून मोकळा करतो, कारण तो जागा अडवतो, भांडवल अडवतो आणि कसरीला आमंत्रण देतो. परंतु हाच व्यापारी संध्याकाळी दुकान वाढवून घरी येतो, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या माळ्यावर वीस वर्षांचा पडीक माल निर्वेधपणे पडून असतो. दुकानाचा ताळेबंद दरवर्षी होतो. घराचा ताळेबंद मात्र कसर लागल्यावरच होतो.

शास्त्राने हा ताळेबंद फार पूर्वीच मागितला आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी या व्रताचे अतिचार सांगताना शेत, घर, सोने, रुपे, धन, धान्य यांच्या बरोबरीने 'कुप्य' असा एक शब्द घातला आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ उलगडताना सुती आणि रेशमी वस्त्रांचा निर्देश केला आहे. म्हणजे कपाट व्रताच्या बाहेर कधीच नव्हते. जमीन, सोने आणि ठेवी यांचे परिमाण करणारे अनेक श्रावक आहेत. साड्यांचे आणि सदऱ्यांचे परिमाण केलेला श्रावक मात्र क्वचित आढळतो. वस्त्र स्वस्त झाले, एवढ्याने ते परिग्रहातून वगळले गेले असे नव्हे.

याच सूत्रग्रंथात आसक्तीला परिग्रह म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन पुष्कळदा असा युक्तिवाद होतो की, आसक्ती नसेल तर वस्तू कितीही असल्या तरी चालतात. या युक्तिवादाची परीक्षा माळा रिकामा करताना होते. आसक्ती नाही म्हणणाऱ्या माणसाला माळ्यावरचा एक फुटका डबा टाकायला सांगावे, म्हणजे आसक्ती कोठे दडून बसली आहे ते दिसते.

दिगंबर मुनींजवळ तीनच उपकरणे असतात: पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. त्यांच्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे. कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना ती नीट पाहायची, पिच्छीने हळुवार परिमार्जन करायचे आणि मगच हलवायची. वस्तू तीन असल्यामुळे हे शक्य होते. 168 साड्यांचे परिमार्जन कोण करणार? गृहस्थाने मुनी व्हावे, असे येथे सुचवायचे नाही. परंतु या समितीतून गृहस्थाला एक माप निश्चित मिळते. जेवढ्या वस्तू पाहणे, हाताळणे, स्वच्छ ठेवणे शक्य आहे, तेवढ्यांच्याच बाबतीत अहिंसा पाळता येते. त्याहून अधिक ज्या वस्तू आहेत, त्यांत जीव जन्मतील, आणि एक दिवस त्या जीवांना मारावे लागेल. अपरिग्रह सुटला की अहिंसा फार काळ हाती राहत नाही.

गृहस्थाच्या हातून आरंभी हिंसा होते, हे शास्त्रालाही मान्य आहे. झाडताना, धुताना, उन्हात घालताना जीवांना पीडा होते. कपडे उन्हात टाकले तरी काही अळ्या मरतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संकल्पी हिंसेचा त्याग तर श्रावकाने केलेला असतो. विषाची नळी हातात घेऊन माळ्यावर चढण्याची वेळ का आली, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. अनेक घरांत डांबराच्या गोळ्या सुवासिक द्रव्य असल्याप्रमाणे टाकल्या जातात. त्या सुवासासाठी नसतात. तेही विषच आहे, आणि लहान मुलाने गोळी गिळल्यास ते जिवावर बेतू शकते.

आता काही आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप काटकसरीचा. वस्तू जपून ठेवणे हीच तर काटकसर, असे जुन्या पिढीला वाटते, आणि त्या पिढीने टंचाईचे दिवस पाहिले आहेत, हे विसरता येत नाही. परंतु काटकसर म्हणजे कमी वस्तूंत निर्वाह करणे आणि आहे ती वस्तू शेवटपर्यंत वापरणे. वापरायची नाही आणि द्यायचीही नाही, ही काटकसर नव्हे. अशा ठिकाणी काटकसरीतील 'काट' गळून जाते आणि नुसती कसर उरते.

दुसरा आक्षेप आठवणींचा. त्या घरातील सुनेच्या हाती तिच्या दिवंगत आईची पाच पातळे आली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. कोणतेच तिला देववेना. सासूने घाई केली नाही. दोन रविवारांनंतर सुनेने स्वतःच एक पातळ ठेवले आणि चार बहिणींना व भाच्यांना दिली. ठेवलेले पातळ तिने ट्रंकेत ठेवले नाही. दर महिन्याला एकदा तरी ती ते नेसते. आजीने आपल्या शालूकडे पाहून काढलेले उद्गार तिच्या कानांत होते. "चांगल्या प्रसंगाची वाट बघत ठेवला. नेसले असते तर उरला असता."

तिसरा आक्षेप लोकरीतीचा. आहेर घेतला नाही तर यजमान दुखावतात, दिला नाही तर व्याही दुखावतात. हे खरे आहे. परंतु आहेरातील खण आणि टॉवेल-टोपी कोणाच्याही अंगाला न लागता एका घरातून दुसऱ्या घरात आणि एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत प्रवास करतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. देणाऱ्याला ते नको असतात, घेणाऱ्याला नको असतात. कापडवाल्याचा तेवढा त्यात लाभ असतो. समाजाने ठरवले तर ही रीत एका वर्षात थांबू शकते, आणि त्यात कापडवाल्याने पुढाकार घेतला तर ते अधिक शोभून दिसेल.

रेशमाविषयीही बोलणे प्राप्त आहे. एका रेशमी साडीसाठी हजारो कोष लागतात, आणि रूढ पद्धतीत कोषातील जीव आत जिवंत असतानाच ते उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घातले जातात. असे वस्त्र ट्रंकेत जपून ठेवायचे आणि त्याला किडा लागला म्हणून संतापायचे, यातील विपरीतता विवेकी मनाला जाणवल्याशिवाय राहत नाही. त्या घरातील नातीला ती जाणवली. साखरपुड्याला तिने साधी सुती साडी नेसली, आणि कोणाचेही काही अडले नाही.

जपायचेच असेल तर काय आणि कसे जपावे, याचाही वस्तुपाठ समाजापुढे आहे. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत षट्खंडागमाची धवला टीका, जयधवला आणि महाबंध यांची ताडपत्रे शतकानुशतके राखली गेली. त्यांतील महाबंधाचा काही भाग कीटकांनी खाल्ल्याचे समजले, तेव्हा चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज व्यथित झाले. त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखनापूर्वक देह ठेवणाऱ्या या निष्परिग्रही महापुरुषाने किड्यांवर रोष धरला नाही. जपण्याजोगे काय आहे ते निश्चित केले आणि त्याची व्यवस्था लावली. सर्वच जपू पाहणाऱ्याला असे काहीच जपता येत नाही. त्या घरातील पूजेची वही हेच सांगते.

परंपरेने यासाठी दिवसही नेमून दिले आहेत. ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढावयाचे, पुसावयाचे, ऊन दाखवावयाचे आणि वेष्टने बदलावयाची. श्वेतांबर परंपरेत हेच कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या निमित्ताने घडते. एक तिथी पावसाळ्याच्या तोंडावर येते आणि दुसरी पावसाळा सरल्यावर. दमट हवेत कसर वाढते, आणि या दोन तिथी त्या दमट काळाच्या अलीकडे-पलीकडे येतात. पूजा आणि गृहव्यवस्था पूर्वजांनी किती सहजतेने एकत्र आणली होती, हे यावरून ध्यानात येते. या दोन दिवशी ग्रंथांबरोबरच कपाटही उघडले, तर वेगळी मोहीम काढण्याची गरज उरणार नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराला झेपतील असे काही संकल्प सुचवावेसे वाटतात. दरवर्षी श्रुतपंचमीला घरातील वस्त्रांची मोजदाद करून वहीत लिहावी. वर्षभरात अंगाला न लागलेले वस्त्र, ते चांगले असतानाच, गरजूला द्यावे. कसर लागल्यावर दिले तर ते दान होत नाही, ती केवळ विल्हेवाट होते. एक नवे वस्त्र घरात आले की एक बाहेर जावे. कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावेत. पुठ्ठ्याची खोकी साठवू नयेत. भिंतीची ओल आधी काढावी. कडुलिंबाचा वाळलेला पाला जरूर ठेवावा. परंतु खरा उपाय उजेड, वारा आणि मोकळी जागा हाच आहे, हे विसरू नये. आणि दशलक्षण पर्वात त्याग व आकिंचन्य या धर्मांवरील प्रवचन ऐकून घरी गेल्यावर एकदा कपाट उघडून पाहावे.

त्या घरातील कसर पुढच्या पावसाळ्यात पूर्णपणे नाहीशी झाली, असे सांगणे सत्याला धरून होणार नाही. अधूनमधून एखादा किडा दिसे. परंतु तो दिसे, हेच महत्त्वाचे. आजी त्याला कागदावर अलगद घेऊन परसात सोडून येई. माळ्यावर आता दोनच ट्रंका आहेत. पूजेच्या वहीची जी पाने शाबूत होती, ती नातीने नव्या वहीत उतरून काढली. गेलेल्या ओळी आजीला तोंडपाठ होत्या. तिने त्या सांगितल्या आणि नातीने लिहिल्या. ती वही आता देव्हाऱ्याजवळ असते आणि रोज उघडली जाते.

शेवटी एक विनंती. हा मजकूर ज्या स्मरणिकेत छापला जाणार आहे, ती जाड कागदाची, चांगल्या बांधणीची असेल, आणि कसरीला ती निश्चितच आवडेल. म्हणून ती माळ्यावर ठेवू नये. वाचावी, घरात सर्वांनी वाचावी, आणि वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावी.

जय जिनेंद्र.